दुपारची पँट

"मटाराच्या पिशवीखाली पँट ठेवतेत का कुणी? आता हिची उसळ करायची का आइसक्रीम, ते तरी सांगा म्हणावं."

सुशीलाबाई हे मला नाही, उघड्या फ्रीजरला म्हणाल्या. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडत होते, पण त्यांची रीतच तशी आहे. तक्रार वस्तूकडे करायची. जवळच्या माणसाने ऐकली तर ऐकली. लातूरकडच्या आहेत, बारा वर्षं आमच्याकडे पोळ्या करतात, आणि आमच्या घरातलं त्यांना न पटणारं पुष्कळ आहे.

पँट मात्र खरोखरच होती. प्लास्टिकच्या पिशवीत, नीट घडी घालून.

"पिशवी हलवू नका हं," बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. "अजून वीस तास व्हायचेत."

"वास जावा म्हणून ठेवलीय," मी म्हटलं. "थंडीने जंतू मरतात म्हणे."

"पाण्यानं बी मरतेत की," सुशीलाबाई मटारांना म्हणाल्या.

पँट यज्ञेश्वरांची, म्हणजे आमच्या ह्यांची. विमा कंपनीत छत्तीस वर्षं राखाडी टेरिकॉटमध्ये काढून रिटायर झालेले. निरोप समारंभात त्यांना घड्याळ मिळालं, आणि बघायला वेळच वेळ. पहिले सहा महिने त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांवर लेबलं लावली. 'मीठ'. 'मीठ (जाडं)'. मग लेबलं संपली.

त्याच सुमाराला खालच्या मजल्यावरचा अर्णव काही कागद स्कॅन करून द्यायला वर आला. त्याच्या अंगात गडद निळी, उभी ठेवली तर उभी राहील अशी कडक जीन्स.

"पुठ्ठ्याची आहे का रे?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

झालं. अर्णव दोन तास बोलत होता आणि मी तीनदा चहा केला. जपानात ओकायामाकडे अजून जुन्या, धोट्याच्या मागांवर हे कापड विणतात. माग सावकाश चालतो, कापड अरुंद निघतं आणि त्याला पक्का काठ असतो, काठात लाल दोरा. तो काठ दिसावा म्हणून पँटचे पाय खालून दुमडायचे. सुताला नीळ चढवतात ती फक्त वरवर, आतला गाभा पांढराच ठेवतात. मग माणूस वावरेल तसतशी घासल्या जागची नीळ उडते, आतलं पांढरं दिसायला लागतं. कुणाचे गुडघे उमटतात, कुणाचा मोबाइल. वर्षभराने पँट बघून माणूस काय करतो ते सांगता येतं. मात्र ती धुवायची नाही, निदान वर्षभर तरी. धुतली की नीळ सगळीकडून सारखीच उतरते आणि पँट नुसतीच जुनी होते.

खरं सांगायचं तर मला हे सगळं फार आवडलं. बोलले नाही. घरात एकाने वेडं झालेलं पुरतं.

अर्णवचा वीस-एकवीस जणांचा ग्रुप आहे. त्यांनी पैज लावली होती. सगळ्यांनी एकाच बनावटीची कोरी जपानी पँट दसऱ्याला चढवायची, वर्षभर वापरायची आणि पुढच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी आणून टांगायची. जिची झीज सर्वांत देखणी, ती पँट काचेच्या चौकटीत घालून अर्णवच्या कपड्यांच्या दुकानात लावायची, खाली पितळी पट्टीवर मालकाचं नाव.

"नुसतं नाव," यज्ञेश्वर मला म्हणाले. "पुढे 'निवृत्त' वगैरे काही नाही." मग म्हणाले, "माझा कशातच कधी पहिला नंबर आलेला नाही गं."

मी म्हटलं, "मग आणा."

आणली. आणि इथेच घोटाळा झाला. पँट झिजवायची म्हणून आणलेली, आणि आमच्या यज्ञेश्वरांनी आयुष्यात कुठली वस्तू झिजू दिलेली नाही. सकाळी आठला ती अंगात घालायचे, खुर्ची फडक्याने पुसायचे आणि अलगद बसायचे. मग पेपर. मग दुसरा पेपर. स्कूटर नको, ग्रीस लागेल. बाजार नको, कोणी घासून जाईल. जेवण झालं की काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि पायजमा घालून अर्धा तास आडवं व्हायचं. तीन महिन्यांनी पँट दुकानातून आली तश्शीच होती, फक्त बसायच्या जागी किंचित लकाकत होती.

ते दर रविवारी ग्रुपवर फोटो टाकत. ग्रुपमधली मुलं चांगल्या घरची. "काका, काय डेप्थ आहे रंगाला!" असं लिहीत. म्हणजे काहीच उडालेलं नाही, ते मलाही कळत होतं.

आता माझं सांगते. मी वेताच्या खुर्च्या विणते. कुणाकडे शिकले नाही. सासऱ्यांची आरामखुर्ची फाटली तेव्हा ती उसवायला घेतली, आणि उसवताना वहीत लिहीत गेले, कुठली पट्टी कशाच्या वरून गेली, कशाच्या खालून. मग वही शेवटाकडून पहिल्या पानाकडे वाचत तीच खुर्ची विणली. तिसऱ्या खेपेला बसली. आता पेठेतल्या निम्म्या खुर्च्या माझ्या हाताखालून गेल्यात. तरी आमच्या घरात त्याला काम म्हणत नाहीत. मुलगा म्हणतो, 'आईची हॉबी'. सुशीलाबाई म्हणतात, 'ताईंचं ते टोपल्यावानी'. यज्ञेश्वर पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "ही घरीच असते."

जानेवारीतली दुपार. वेत भिजवलेला टब माझ्या मांडीवर लवंडला, सलवार चिंब. बदलायला आत जायचं तर आत हे घोरत होते. समोर खुर्चीच्या पाठीवर पँट. लग्नात ह्यांची कंबर अठ्ठावीस आणि माझी चोवीस होती. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंही चौतिसावर येऊन थांबलोय. एकमत झालं असं तेवढंच.

घातली. पाय दुमडले. जमिनीवर बसले, खुर्ची गुडघ्यांत धरली आणि दोन तास विणत राहिले. काय सांगू, त्या कापडाचा असा काही आधार वाटतो मांडीला! सलवार ओल्या वेताने कधीच फाटली असती. ही पँट मात्र जणू म्हणत होती, अहो बाई, मी ह्याच्यासाठीच होते, मला तिकडे पेपर वाचायला काय लावलंत.

चारच्या आत काढून जागच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी परत घातली. मग रोजचंच झालं. मंडईपलीकडे बुरुडांकडे वेत आणायला जायचं तर तीच, स्कूटरवरून. मनाशी म्हटलं, ह्यांचीच मदत करतेय. नवऱ्याचा पहिला नंबर यावा म्हणून बायका उपास करतात, मी पँट घालते.

सोयीचं म्हणजे त्याच सुमाराला यज्ञेश्वरांची झोपही वाढली. अर्ध्या तासाचा एक झाला, मग दोन. वय झालं, मी म्हटलं.

फेब्रुवारीत पँट बोलायला लागली. गुडघे उजळले. मांडीवर फिकट तिरके पट्टे आले. गुडघ्याच्या मागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटली. मुलं तिला पोळंच म्हणतात. ग्रुपवर कल्ला झाला. "काका, रोज काय करता?" कुणीतरी विचारलं. यज्ञेश्वरांनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र टाकलं.

"गुडघे बघ, हेमा," ते मला म्हणाले.

"पेपर वाचताना तुम्ही पाय हलवता ना, त्यानं असेल."

"असेल," ते म्हणाले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला वाटलं, नंबर बदललाय.

नीळ मात्र भलती वस्तू. नुसती उडत नाही, कुठेतरी जाऊन बसते. माझी नखं निळी व्हायला लागली. नवा वेत पांढुरका, त्यालाही झाक लागायची. एका बाईंनी विचारलंच, "बैठक निळसर का दिसतेय हो?" मी म्हटलं, "जपानी पद्धत आहे." त्यांनी मैत्रिणीची खुर्ची पाठवली आणि निळसरच हवी म्हणून बजावलं.

ग्रुपमधला सुदर्शन एकदा घरी येऊन गेला. वारज्याला त्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे, दिवसभर गाडीखाली. सगळे म्हणत की नंबर लागणार तर त्याचाच. काकांची पँट प्रत्यक्ष बघायला आला. गुडघ्यांवरून बोट फिरवलं, पट्टे मोजले, आणि चहाचा कप घेताना त्याची नजर माझ्या हातावर गेली.

"काकू, नखं?"

"जांभळं खाल्ली."

फेब्रुवारी चालू होता. सुदर्शनने कपात बघितलं आणि चहा छान झालाय म्हणाला.

थट्टा इतकी लांब जाईल असं मला वाटलं नव्हतं. ह्या मुलाने अंग घासून कमावलेलं, आणि मी माझ्या गुडघ्यांनी ते ह्यांच्या नावावर चढवत होते. पण आता थांबले तर ह्यांचे गुडघे आहेत तिथेच राहणार, लोक विचारणार. आणि यज्ञेश्वर अलीकडे शीळ घालायला लागले होते. एकतीस वर्षांत मी ती ऐकली नव्हती. मी विणत राहिले.

दसऱ्यानंतरचा रविवार उजाडला. अर्णवने एका मंगल कार्यालयाचा लहान हॉल बारापर्यंत घेतला होता. बारानंतर तिथे साखरपुडा होता. माळा बांधायच्या खिळ्यांना दोरी लावून एकवीस पँटी ओळीने टांगलेल्या. वास असा, की वाढपी दारातून आत डोकावून परत गेले.

"कपडेच वाळत घालायचे होते," कार्यालयाचे दिगंबरराव म्हणाले, "तर गच्ची दिली असती."

"धुतलेले नाहीयेत, काका," अर्णव म्हणाला.

"ते नाकाला कळलं."

परीक्षक म्हणून वल्लरी होती. खराडीला कुठल्याशा कंपनीत नोकरी करते, सुट्टी घेऊन ओकायामाला जाऊन माग बघून आलेली. हातात भिंग. एकेका पँटपुढे उभी राहायची, वाकायची, आतून बाहेरून बघायची. खराडीतल्या ऑफिसवाल्या पोरांच्या सगळ्या पँटी फक्त बसायच्या जागीच उडालेल्या. त्या तिने झरझर उरकल्या. अकराच्या सुमाराला दोनच उरल्या. सुदर्शनची आणि आमची. आमची म्हणजे ह्यांची.

"आता वाचन," अर्णव म्हणाला. "काका, नियम माहितीये ना? शेवटच्या दोघांनी आपापली पँट वाचायची. कुठली खूण कशाची, ते सगळ्यांसमोर."

"फेड काय, उडालेला रंग काय, हल्ली कारखान्यात पॉलिश पेपर मारूनही देतात," वल्लरी म्हणाली. "म्हणून वाचन."

मला हा नियम कुणी सांगितला नव्हता. मी यज्ञेश्वरांकडे बघितलं. ते मान डोलावत होते. म्हणजे ह्यांना वर्षभर माहीत होतं!

आधी सुदर्शन उठला. "हे काळं ऑइल आहे. हा उजवा गुडघा, गाडीखाली टेकतो तो. डावा कोरा आहे, कारण डावा दुखतो. मागच्या खिशावर पाकीट उमटलं नाही, पान्याचा आकार उमटलाय, कारण पाकिटात काही नसतं. आणि हे खाली फाटलंय ना, ते वारज्याच्या पुलाखालचं कुत्रं. त्याची माझी आता ओळख झालीय." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तो जागेवर बसला आणि छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

मग यज्ञेश्वर. पांढरा शर्ट, टेरिकॉटची जुनी राखाडी पँट. दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

"ही बसायची जागा," ते म्हणाले. "ही खुर्चीत बसून झालेली आहे." मुलं हसली. ह्यांनी पँटचा पाय हातात घेतला. "हे गुडघे."

आणि गुडघ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

वल्लरी भिंग घेऊन पुढे आली. "काका, हे टेकून झालेले गुडघे नाहीत. आतल्या बाजूने उडालेत. म्हणजे रोज गुडघ्यांच्या मध्ये काहीतरी घट्ट धरलेलं असणार. आणि हे पट्टे ओल्या वस्तूचे आहेत, सारख्या रुंदीचे." बोलता बोलता तिचा आवाज सावकाश झाला. "आमच्या आईने श्रावणात एक खुर्ची विणून घेतली. तिची बैठक थोडीशी निळ..." तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. हात मी पदराखाली घेतले. "असो. तुम्ही वाचा, काका."

आतल्या स्वयंपाकघरातला झारा ऐकू येत होता. वीसच्या वीस मुलांना कळलं होतं. ते चेहऱ्यावरून दिसतं. जो तो एकदम स्वतःची पँट नीट टांगली आहे ना ते बघायला लागला.

"काका योगासनं करतात," अर्णव म्हणाला.

"सत्यनारायणाला बसत असतील," दिगंबरराव दारातून म्हणाले. "ओलं सोवळं. लवकर आटपा."

"बागकाम," सुदर्शन पंख्याकडे बघतच म्हणाला. "मी पाहिलंय त्यांना. कुंड्या गुडघ्यांत धरून..." आमच्या घरी एक कुंडी नाही. आणि ह्या मुलाचा पहिला नंबर चालला होता. त्याचं ते खोटं ऐकून मला इतकं गलबलून आलं, की मीही उठून उभी राहिले.

"सतार!" मी म्हणाले. "सतार वाजवतात हे! रोज!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सतार?" यज्ञेश्वर हळूच म्हणाले.

"दुपारी," मी म्हणाले, आणि खाली बसले.

यज्ञेश्वरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पँटचा पाय परत हातात घेतला आणि वाचायला लागले, फाइल वाचावी तसे, एकेक ओळ.

"गुडघ्यांत खुर्चीचा सांगाडा धरलेला असतो. तो हलला तर वीण सैल पडते. मांडीवरचे पट्टे वेताचे. भिजवलेला वेत मांडीवरून ओढला की त्याचा पीळ निघतो, मग तो सपाट बसतो. मागच्या खिशाला ही चार टोकं उमटलीत ती खुंट्यांची. भोकात वेत अडकवून ठेवायला लागतात. डावीकडे कमरेशी उडालंय तिथे फडकं खोचलेलं असतं. ही उभी चीर कात्रीची, होळीच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी एका सोफ्याचा कोपरा तीनदा उसवावा लागला. तिसऱ्यांदा एक शिवीही ऐकू आली."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी मान खाली घातली होती. शिवी खरी होती. तेव्हा हे आत झोपले होते. निदान मला घोरणं ऐकू येत होतं.

"हे पोळं सगळ्यात अवघड," ते पुढे म्हणाले. "ते दोन तास सलग गुडघे मुडपून बसल्याशिवाय पडत नाही. मधे उठून चालत नाही. घरातलं कोणी जागं झालं तर उठावं लागतं, चहा टाकावा लागतो. म्हणून कोणी जागं व्हायचं नसतं. डोळे मिटून पडून राहायचं. ते जमतं. सवयीने जमतं."

वल्लरीच्या हातात कागद होता. पितळी पट्टीवर घालायचं नाव लिहायचा. तिने पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं.

"पण हे सगळं कोण करतं, काका?" ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही नाव नाही घेतलंत."

"बारा वाजत आले," दिगंबरराव म्हणाले, आणि अर्णवने त्यांना हाताने थांबवलं.

यज्ञेश्वरांनी पँट सोडली. दोरीवर ती हलत राहिली. त्यांनी आधी सुदर्शनकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"पट्टीवर सुदर्शनचं नाव घाल," ते म्हणाले. "आणि ह्या पँटच्या पुढ्यात हिचं नाव लिही: हेमा. खुर्च्यांचं काम करते. पँट हिने वापरली. मी वर्षभर नुसता बसून होतो."